मायकेल फॅरडे आणि मोटारगाडीतील काटे

मोटारगाडी हाकणाऱ्यास समोरचा रस्ता दिसतो, वाटेवरची माणसे दिसतात. परंतु गाडीच्या पोटात काय चालले आहे ते त्यास दिसत नाही. तेल फिरते आहे की नाही, पाणी किती तापले, बॅटरीत वीज भरली जात आहे की उलट तीतून खर्च होत आहे, ह्या सर्व गोष्टी पत्र्याआड झाकलेल्या असतात. त्या कळाव्यात म्हणूनच डॅशबोर्डावर काटे बसविलेले असतात. न दिसणारी गोष्ट एखाद्या काट्याच्या हालचालीवरून ओळखण्याची ही विद्या ज्या थोड्या पुरुषांनी जगास शिकविली त्यांत मायकेल फॅरडे ह्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र आम्ही येथे आमच्या विद्यार्थ्यांकरिता व त्यांच्या पालकांकरिता थोडक्यात सांगणार आहोत.

काळेवाडीच्या मुलांस यंत्रांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पवनेच्या ह्या तीरावर आमची वस्ती, आणि पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवडचे कारखाने. पुष्कळांचे वडील, चुलते किंवा थोरले बंधू तेथे फिटर, वेल्डर अथवा टर्नर म्हणून काम करीत आले आहेत. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत लहान गॅरेजे वाढावीत हेही साहजिकच आहे. जुन्या गाडीचा लळा सुटत नाही असा एखादा गृहस्थ आपली फियाट अथवा प्रीमियर पद्मिनी अशा गॅरेजात आणतो, आणि तिच्या डॅशबोर्डावर आणखी दोन-तीन मीटर बसवून द्या म्हणतो. ह्या गाडीचा आपल्या मुलखाशी संबंध जवळचा आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीने ती मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात बनविली. त्याच कंपनीचा पुढे एक कारखाना आमच्या शेजारी चिंचवड येथेही झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून ह्या जातीच्या टॅक्सीने कायमचा निरोप घेतला. आता जी गाडी उरली आहे ती हौशी लोकांनी जपलेली.

अशा गाडीस जादा मीटर कशास हवेत, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तेलाचा दाब व विजेचे भरण ह्यांकरिता तिला काटे दिलेले नव्हते. लाल दिवे दिले होते. दिवा आणि काटा ह्यांत पुष्कळ अंतर आहे. तेलाचा दाब अगदी तळाशी गेला म्हणजे दिवा पेटतो. तोपर्यंत कित्येकदा बेअरिंगांचे नुकसान होऊन चुकलेले असते. काटा मात्र दररोज थोडथोडा उतरू लागला की लक्ष असणाऱ्यास आधीच समजते. दिवा एकच गोष्ट सांगतो, आणि तीही उशिरा. जुन्या इंजिनाचा जीव कधी कधी ह्या उशिरावरच अवलंबून असतो, आणि त्याच्या मालकाची पाच-सहा महिन्यांची पुंजीही.

फॅरडे ह्यांनी मोटारगाडी कधी पाहिली नाही. ते १८६७ साली वारले, आणि कार्ल बेंझ ह्यांच्या पेट्रोलगाडीस पेटंट मिळाले ते १८८६ साली. तरी त्या डॅशबोर्डावरचे निम्मेअधिक काटे त्यांच्या शोधांचे ऋणी आहेत. (तेलाच्या दाबाचा काटा मात्र त्यांचा नव्हे. दाब वाढला की सरळ होऊ पाहणारी एक वाकडी चपटी नळी त्यात असते, आणि ती यूजेन बूर्दों नामक फ्रेंच यंत्रकाराने १८४९ साली शोधून काढली.)

मायकेल फॅरडे ह्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. पोटासाठी ते इंग्लंडच्या उत्तर भागातून लंडनला आले होते; परंतु प्रकृती साथ देईना, त्यामुळे भाता रोज पेटेच असे नाही. घरात चार मुले. १८०१ साली धान्य अतिशय महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्यास एक पाव येई आणि तो त्याने आठवडाभर पुरवावा लागे. वाचणे, लिहिणे आणि थोडेसे अंकगणित, एवढ्यावर त्याची शाळा संपली.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. रीबो वर्तमानपत्रे भाड्याने वाचावयास देत असे. ती घरोघर पोचवावी आणि वाचून झाली की परत आणावी हे मायकेलचे काम. वर्षभरात मालकाने त्याचा प्रामाणिकपणा ओळखला आणि फी न घेता त्यास सात वर्षांकरिता पुस्तकबांधणीचा उमेदवार करून घेतले. ह्या रीबोचे आम्हांस फार कौतुक वाटते. बांधावयास आलेली पुस्तके उमेदवार वाचीत बसला तर कोणता मालक खपवून घेईल? ह्याने खपवून घेतले, इतकेच नव्हे तर उत्तेजन दिले. एका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट ह्या बाईंचे रसायनशास्त्राचे पुस्तक, ही दोन मायकेलच्या हाती बांधणीच्या निमित्ताने आली आणि त्याचे आयुष्य पालटून गेले. वाचलेले खरे की खोटे ते तो स्वतः करून पाही. तांब्याच्या सात अर्ध्या पेन्या, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले सहा कागद एकावर एक रचून त्याने आपली पहिली बॅटरी केली.

शहरात विज्ञानावर संध्याकाळची व्याख्याने होत; एका व्याख्यानास एक शिलिंग पडे. तो थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्ट स्वतः वडिलांप्रमाणे लोहारच होता. घणाच्या मजुरीतून निघालेला तो शिलिंग विज्ञानाच्या इतिहासात कोठे नोंदवावा हे आम्हांस कळत नाही, पण विसरू नये असे वाटते.

१८१२ साली रीबोच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे इंग्लंडातील सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने प्रत्येक शब्द टिपून घेतला, आकृत्या काढल्या, टिपणे सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली, आपल्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवून नोकरी मागितली. पुढे प्रयोगशाळेतील एक मदतनीस मारामारीमुळे काढून टाकला गेला आणि १ मार्च १८१३ रोजी त्या जागी एकवीस वर्षांच्या फॅरडे ह्यांची नेमणूक झाली. पगार आठवड्यास पंचवीस शिलिंग, वर राहावयास माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नी युरोपच्या प्रवासास निघाली, तेव्हा फॅरडे ह्यांस बरोबर घेतले. परंतु डेव्हीबाईंनी त्यांस शास्त्रज्ञाचा मदतनीस न मानता घरगड्याप्रमाणे वागविले. अपमान गिळून ते दीड वर्ष हिंडले, ॲम्पियर व व्होल्टा ह्यांच्यासारख्यांस भेटले आणि १८१५ साली परतले ते नवे शिक्षण घेऊनच.

आता आपण काट्याच्या गोष्टीकडे वळू. १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेड ह्यांस असे आढळले की, वीज वाहत असलेल्या तारेजवळ होकायंत्र नेले तर त्याचा काटा वळतो. तारेचे वेढे घातले म्हणजे तो अधिक वळतो, हे लवकरच इतरांनी दाखविले. वीज मोजणाऱ्या काट्याचा जन्म तो हाच. दुसऱ्याच वर्षी फॅरडे ह्यांनी पाऱ्यात बुडविलेली तार लोहचुंबकाभोवती विजेने सतत फिरत ठेवून दाखविली. जगातील सर्व विद्युत मोटारींचे मूळ त्या लहानशा वाटीत आहे. ह्या प्रयोगाने कीर्ती आली तशी बदनामीही आली. दुसऱ्याची कल्पना उचलली असा आरोप त्यांजवर झाला, आणि १८२४ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्यांस मिळू नये म्हणून खुद्द डेव्हींनी विरोध केला. ते मिळालेच. फॅरडे ह्यांनी मात्र डेव्हींविषयीचा आदर शेवटपर्यंत सोडला नाही.

विजेपासून चुंबकत्व होते, तर चुंबकत्वापासून वीज का होऊ नये? हा प्रश्न दहा वर्षे त्यांच्या मनात होता, आणि तो त्यांच्या एकट्याच्याच मनात होता असेही नव्हे. जिनिव्हाच्या कोलाडाँ नावाच्या तरुणाने १८२५ साली तारेच्या वेढ्यात लोहचुंबक घालून पाहिला होता. चुंबकाचा परिणाम काट्यावर थेट होऊ नये म्हणून त्याने काट्याचे यंत्र शेजारच्या खोलीत ठेविले होते. चुंबक आत सारावा आणि चालत जाऊन काटा पाहावा, असा त्याचा क्रम. तो जाऊन पोचेपर्यंत काटा हलून पुन्हा जागेवर आलेला असे! बिचाऱ्याने काही होत नाही असे ठरवून प्रयोग सोडून दिला. जे मेस्त्री नवा मीटर गुडघ्याखाली कोपऱ्यात बसवून मोकळे होतात त्यांना ही हकीकत सांगण्यासारखी आहे.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडे ह्यांनी मऊ लोखंडाच्या सहा इंची कड्याच्या एका बाजूस एका तारेचे वेढे घेतले व दुसऱ्या बाजूस निराळ्या तारेचे. दोहोंचा एकमेकींस स्पर्श नव्हता. पहिली बॅटरीस जोडावयाची. दुसरीखाली चुंबकसूची ठेविलेली. त्यांची अपेक्षा अशी होती की, पहिलीत वीज वाहते आहे तोपर्यंत दुसरीतही वाहत राहील. तसे झाले नाही. बॅटरी जोडताक्षणी काटा थरथरला आणि मूळ जागी येऊन स्वस्थ बसला. बॅटरी तोडली, तेव्हा पुन्हा तसेच. मधल्या वेळी काही नाही. अपेक्षेवर बोट ठेवून बसलेल्या माणसाने ही थरथर टेबलाच्या हादऱ्यावर घातली असती. फॅरडे ह्यांनी आपली अपेक्षा सोडली आणि काट्याचे ऐकले. वीज उत्पन्न होते ती चुंबकत्व असल्याने नव्हे, ते बदलत असल्याने, ही गोष्ट त्या क्षणिक हालचालीत दडलेली होती. १७ ऑक्टोबरला त्यांनी वेढ्यात नुसता चुंबक पुढेमागे करून वीज काढली. २४ नोव्हेंबरला सर्व हकीकत रॉयल सोसायटीपुढे वाचली गेली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ६ जानेवारी १८३२ रोजी, इकडे मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण पत्र सुरू केले. गाडीतील डायनॅमो व अल्टरनेटर हे ह्याच शोधाचे वंशज. आमच्या घाटाखाली खोपोलीस १९१५ सालापासून धरणाच्या पाण्यावर फिरू लागलेली वीजयंत्रेही त्याच कुळातील.

त्या दोन तारखांच्या अधेमधे आणखी एक प्रयोग झाला, आणि तोच गाडीच्या स्पीडोमीटरचा पाया आहे. पॅरिसच्या आरागो ह्यांस १८२४ साली एक चमत्कार दिसला होता: तांब्याची चकती फिरविली की तिच्यावर टांगलेला चुंबक तिच्यामागे ओढला जातो. तांब्यास तर चुंबक चिकटत नाही! मोठमोठे पंडित ह्यापुढे थबकले होते. २८ ऑक्टोबर १८३१ रोजी फॅरडे ह्यांनी एका प्रचंड चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरविली, तिला तारा लावल्या, आणि तीत वीज उत्पन्न होते हे काट्यानेच सिद्ध केले. चकतीत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह उठतात आणि तेच चुंबकाशी ओढाताण करतात, असा कोड्याचा उलगडा झाला.

१९०२ साली ऑटो शुल्झे ह्या जर्मन अभियंत्याने ह्याच तत्त्वावर वेगदर्शक रचला. गिअरबॉक्सपासून एक लवचिक केबल डॅशबोर्डापर्यंत येते आणि मीटरातील लहानसा चुंबक फिरविते. चुंबकास पालथ्या वाटीप्रमाणे झाकणारी ॲल्युमिनियमची पेली असते. दोहोंचा स्पर्श नसतो. चुंबक फिरला की पेलीत प्रवाह उठतात, आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. गाडी जितकी वेगात, तितकी पेली अधिक वळते, आणि तिच्या दांडीवर बसविलेला काटा ताशी किलोमीटर दाखवितो. केबल कोरडी पडली की काटा थरथर करू लागतो. आणि शोभेकरिता मोठ्या व्यासाची चाके चढविली तर काटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो, कारण त्यास चाकाचे फेरे कळतात, रस्ता कळत नाही.

विजेचा प्रवाह दाखविणारा ॲमीटर हा जुन्या गाडीच्या हौशी मालकाचा विशेष आवडता. तो बसविताना जी काळजी घ्यावयाची ती आमच्या वाचकांपैकी जे पुढे ह्या धंद्यात पडतील त्यांनी लक्षात ठेवावी. ॲमीटर प्रवाहाच्या वाटेतच घालावा लागतो. म्हणजे स्टार्टरची वीज वगळता गाडीची जवळजवळ सगळी वीज जाड तारेने डॅशबोर्डामागे आणावी आणि परत न्यावी लागते. तेथे एखादी नटबोल्टाची जोडणी ढिली राहिली की ती तापते, आणि तापलेल्या तारेने गाडी पेटल्याची उदाहरणे आहेत. जुन्या डायनॅमोच्या जागी जोरकस अल्टरनेटर बसविला तर पूर्वीच्या मापाचा ॲमीटर अपुरा पडतो. ह्याकरिता आज बहुतेक जाणते कारागीर व्होल्टमीटर पसंत करतात. तो बारीक तारेने, फ्यूज घालून जोडता येतो; बारा व्होल्टच्या चांगल्या बॅटरीवर इंजिन बंद असता तो सुमारे १२.६ दाखवितो आणि भरण चालू असता १४ च्या आसपास. मात्र मीटर कितीही किमतीचा घ्या, त्याचा अर्थ नीट घासूनपुसून चेसिसला घट्ट जोडला नसेल, तर तो भलतेच सांगेल.

वीज मोजण्याचे एक साधन फॅरडे ह्यांनीही केले होते. १८३४ साली त्यांनी रसायनांच्या पृथक्करणाचे नियम मांडले: जितकी वीज पाण्यातून जाते तितक्याच प्रमाणात वायू सुटतो. मग सुटलेला वायू नळीत मोजला म्हणजे वीज मोजल्यासारखेच झाले. त्यास काटा नव्हता, पण हेतू तोच.

काट्यावरची त्यांची श्रद्धा किती निःपक्ष होती हे १८५३ सालच्या एका प्रकरणावरून दिसते. त्या वर्षी इकडे मुंबई ते ठाणे आगगाडी धावली, आणि तिकडे विलायतेत टेबले फिरविण्याचे वेड पसरले. चारचौघांनी टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवावे, आणि टेबल आपोआप सरकू लागावे. कोणी म्हणत ही भुते, कोणी म्हणत ही वीज. शहाणीसुरती माणसे ह्याला भुलली होती. फॅरडे ह्यांनी त्यांस लबाड ठरविले नाही. त्यांनी दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घालून वरची फळी किंचित सरकेल असे केले, आणि गवताच्या काडीचा एक लांब काटा तीस जोडला. हात टेबलाच्या आधी सरकतात की टेबल हातांच्या आधी, हे काडी सांगणार. काडी झाकून ठेविली तोवर टेबल सरके. आणि काडीने सांगितले की ढकलणारे हातच आहेत. पण काडी बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर आणली की टेबल जागचे हलेना! प्रामाणिक माणसेही नकळत ढकलीत होती, आणि आपण ढकलतो हे दिसू लागताच थांबत होती. आमच्या मते फॅरडे ह्यांच्या सर्व उपकरणांत ही दीडदमडीची काडी सर्वांत नवलाची.

त्यांचा स्वभाव साधा होता. सँडेमेनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते सभासद होते, आणि त्या मंडळीत संपत्तीचा साठा व मानाची हाव ह्या दोन्ही गोष्टी कमी लेखल्या जात. त्यांनी सर ही पदवी घेतली नाही. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. क्रिमियाच्या युद्धात विषारी वायू बनविण्याविषयी सरकारने विचारले, तेव्हा त्या कामात आपण भाग घेणार नाही असे त्यांनी स्पष्ट कळविले. उलट दीपगृहांच्या दिव्यांकरिता त्यांनी अनेक वर्षे श्रम केले. पत्नी सारा हिच्याशी त्यांचे फार सख्य होते. मूल झाले नाही, म्हणूनच की काय, नाताळात मुलांकरिता व्याख्याने देण्याची त्यांना अतोनात आवड होती. एका जळत्या मेणबत्तीवर त्यांनी अख्खी व्याख्यानमाला दिली.

गणित त्यांस येत नव्हते. ही उणीव त्यांना आयुष्यभर जाणवली. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला की ज्या रेषा उठतात, त्या खऱ्याच अवकाशात आहेत असे ते मानीत. विद्वान त्यास भोळी कल्पना म्हणत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या तरुण गणितज्ञाने ती कल्पना समीकरणांत उतरविली, तेव्हा ती भोळी नव्हती असे दिसून आले. फॅरडे ह्यांच्यापाशी गणिताच्या जागी नोंदवही होती. केलेला प्रत्येक प्रयोग, साधलेला आणि फसलेला, ते तीत क्रमांक घालून लिहीत. ते क्रमांक सोळा हजारांच्या पलीकडे गेले.

उतारवयात स्मृती त्यांस सोडून चालली. सकाळी केलेला प्रयोग दुपारी आठवत नसे. वहीवरून ते ताडून पाहत. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाने हँप्टन कोर्ट येथे त्यांस राहावयास घर दिले. १२ मार्च १८६२ रोजी त्यांनी आपला शेवटचा महत्त्वाचा प्रयोग केला. ज्योत बलवान चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवावी आणि तिच्या प्रकाशाच्या रेषांत काही फरक पडतो का ते पाहावे. त्यांची मनापासून खात्री होती की फरक पडलाच पाहिजे. उपकरणात तो दिसला नाही. दिसला नाही असेच त्यांनी वहीत लिहिले.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचे निधन झाले. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत त्यांस साधेपणाने पुरले. दगडावर नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. पुढे १८९६ साली हॉलंडातील पीटर झेमन ह्यांनी फॅरडे ह्यांचा तो फसलेला प्रयोग अधिक बलवान चुंबक आणि अधिक सूक्ष्म उपकरण घेऊन पुन्हा केला. प्रकाशाच्या रेषा रुंदावलेल्या दिसल्या.